तो गळ, ती गळ

"हलू नका!"

त्याच्या तोंडून माझ्यासाठी निघालेले हे पहिले शब्द. आणि मी हलले. कुणी हलू नका म्हटलं की माणूस आणखी काय करणार? त्याचा गळ माझ्या स्वेटरच्या बाहीत जास्तच आत रुतला आणि मनगटावर रक्ताचा इवलासा थेंब उमटला.

"सॉरी… गळ टाकण्याआधी मागे बघायला हवं होतं मी." त्याने खिशातून छोटी पक्कड काढली. "घाबरू नका. अडकलेल्यांना सोडवणं हाच माझा धंदा आहे."

"वकील आहात?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

मला हसू फुटलं. मनगट त्याच्या हातात होतं, तेही माझ्याबरोबर हसलं.

"परत हललात," तो म्हणाला. पण काय हळुवार म्हणाला!

तो माझ्या मैत्रिणीचा धाकटा दीर. मला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, चष्म्याचे नंबर काढायची, आणि सोमवारी सकाळी मी निघणार होते. "जाण्याआधी शनिवार-रविवार तरी आमचा," म्हणून मैत्रिणीने अशी गळ घातली, की एरवी मासा दिसला तरी नाक मुरडणारी मी खाडीच्या उथळ पाण्यात, भाड्याच्या होडीत येऊन बसले. होडी हाकत होता तिचा नवरा. आधी एकदाच हाकली होती. तेवढ्यावर तो स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायचा.

बाहीतून निघालेला गळ मी एका बुचात खोचला आणि खिशात टाकला. का? काय माहीत… परत मागितला नाही त्याने, एवढंच.

दिवसभर तो माझ्याच फळीवर बसला. वारा खारट होता, आभाळ राखाडी, आणि पाणी होडीच्या पोटाला हलकेच थोपटत होतं.

"दोऱ्यावर बोट टेकवून ठेवा," त्याने शिकवलं. "खाली कुणी आलं की कळतं."

"आणि वर कुणी आलं तर?"

तो कानापर्यंत लाल झाला आणि पाण्याकडे बघू लागला. मी ओठ दाबून हसले.

माझ्या गळाला वीतभर मासा लागला. मी किंचाळले, त्याने तो सोडवून पाण्यात सोडला. मैत्रिणीला तीन मिळाले. कप्तानाला एक जुनी चप्पल. माझ्या शेजाऱ्याला मात्र काहीच नाही! रविवारीही तेच.

"काय हो भाऊजी," मैत्रीण पुढून ओरडली, "मासे रुसलेत की तुमचंच लक्ष दुसरीकडे?"

"वहिनी, तुम्ही तुमचं बघा!"

पण माझं कुतूहल चाळवलं होतं. माणसं दिसत नसतानाही 'दिसतंय' म्हणतात, ते ओळखणं माझं रोजचं काम. आणि हा माणूस मासे पकडायचं नुसतं सोंग करत होता. रीळ फिरवायचा, दोरा ताणून बघायचा, पण आमिषाच्या डब्यातल्या कोळंबीला सकाळपासून त्याने हात लावला नव्हता. का बरं?

दुपार कलली. परत निघायचं, तर नांगर चिखलात रुतलेला.

"अरे ये की लवकर! ओढ!" कप्तान ओरडला.

"जरा धरता?" त्याने रॉड माझ्या हातात दिला आणि तो पुढे गेला.

मी धरला. मग राहवेना. हळूच रीळ फिरवलं… दोरा वर आला, शिशाचा गोळा आला, आणि त्याच्याखाली नुसती एक गाठ.

गळच नव्हता!

तो चिखलाचे हात घेऊन परतला आणि लोंबणारी गाठ बघून जागीच थबकला.

"हे काय?" मी विचारलं.

"काल तुम्हाला लागला ना… परत लागला असता तर?"

"एवढंच?"

"आणि…" त्याने हात पँटला पुसले, मग पुन्हा पुसले. "मासा लागला असता तर उठावं लागलं असतं. इथून."

होडी वळली. धक्का दिसू लागला. उद्या या वेळी मी कुठल्या कुठे असणार होते, आणि हा वेडा अजून आपल्या चिखलाच्या बोटांकडेच बघत होता. मी खिशातलं बूच काढून त्याच्यापुढे धरलं.

"मासे पकडतो तो गळ. माणसांना घालतात ती गळ. तुम्हाला दोन्ही येत नाहीत का?"

त्याने बूच घेतलं नाही. बुचासकट माझा हातच धरला.

"जाऊ नका, अशी गळ मी घालणार नाही. ती नोकरी तुम्हाला हवी आहे, वहिनींनी सांगितलंय." त्याचा आवाज पाण्यासारखा हलला. "पण मला तिकडे बोलवाल? लिफ्ट काय… सगळ्याच शहरांत बंद पडतात."

"या की," मी म्हटलं. "पहिल्याच रविवारी. आधी डोळे तपासते तुमचे."

"का?"

"दोन दिवस शेजारी बसलेय. आत्ता कुठे दिसले तुम्हाला."

"भाऊजी! लागलं का काही?" पुढून मैत्रीण ओरडली.

माझं मनगट पुन्हा त्याच्या हातात होतं, आणि या वेळी मी मुळीच हलले नाही.