खोली बघून घ्या

"त्या दोघांनाच ठेवू वर. घरचं माणूस खोली सोडून जाऊन जाऊन जाणार कुठे?"

हे वाक्य तिच्यासाठी नव्हतं. ती वाळलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि आत सासूबाई आपल्या थोरल्या भावाला, म्हणजे मामांना, दबक्या आवाजात पटवत होत्या. मामा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नुसता गुडघा चोळत राहिले. चार महिन्यांपूर्वी आलेली सून सगळं ऐकते, हे त्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण ती बोलतच नसे. न बोलणाऱ्या माणसाला कानही नसतात, असा तिथे समज होता. सोयीचा होता, म्हणून तिनेही तो मोडला नव्हता.

घर मामांचं. खाली पुढच्या बाजूला शिंप्याचं दुकान, मागे हे सगळे राहायचे. वरच्या मजल्यावर एका बाजूला शाळेतले मास्तर आणि त्यांची बायको, आणि दुसऱ्या बाजूला, यांच्या बैठकीच्या बरोबर डोक्यावर, ती कोपऱ्यातली खोली. मामांना मूलबाळ नाही. लग्नात त्यांनी भाच्याच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि म्हणाले, "आजपासून घरमालक तू. यात काम असं नसतंच. फक्त एक लक्षात ठेव, पहिल्या हाकेला जायचं नाही. गेलास की त्यांना सवय लागते. उद्या येतो म्हणायचं. निम्म्या तक्रारी उद्यापर्यंत आपोआप मिटतात."

भाच्याने ते मनावर घेतलं. पण तक्रारींना मामांचा नियम माहीत नसावा. मास्तरांच्या मोरीचा पाइप तुंबला. उद्या, उद्या करता करता ते पाणी शिंप्याच्या दुकानात उतरलं आणि कुणाच्या तरी कोटाच्या कापडावर नकाशा उमटला. शिंपी भांडायला आला, मास्तरीणबाई रडायला आल्या, आणि प्लंबर आलाच नाही. नवरा भाडेकरूंना जे सांगायचा, तेच प्लंबर नवऱ्याला सांगायचा. जेवताना नवरा फोन पालथा घालून ठेवायचा. पालथा फोन ताटाशेजारी गुरगुरत बसायचा.

"मी ऑफिस सांभाळू की यांच्या मोऱ्या?" तो रोज म्हणायचा. "दान दिलं म्हणे. शिक्षा दिलीय शिक्षा!"

आणि कोपऱ्यातली खोली तर टिकायलाच तयार नव्हती. मामांच्या काळातही तिथे कुणी तीन महिन्यांच्या वर राहिलं नव्हतं. या वेळची नर्स एका महिन्यात गेली. आजच सकाळी. जाताना किल्ली देत तिने एवढंच विचारलं, "तुमच्याकडचं म्हातारं कुणी रात्री खोली तपासायला वर येतं का हो?" नवऱ्याला वाटलं, बाई मामांबद्दल बोलतेय. तो चिडला. मामांचा गुडघा असा की त्यांनी कित्येक वर्षांत जिन्याची एक पायरी चढली नव्हती.

म्हणून संध्याकाळी ते स्वयंपाकघरातलं खलबत. उद्या गाद्या वर न्यायच्या. नव्या जोडप्याला वेगळी खोली, असं वरून छान सांगताही आलं असतं.

त्या रात्री, शुक्रवार, ऑक्टोबरची सतरा तारीख, सव्वादहाला वीज गेली. बैठकीत मेणबत्ती लावून पाचही जण बसले. नणंद अजून कॉलेजात, तिला अंधार म्हणजे सणच.

"मामा, भुताची सांगा ना. खरी."

"दादा, आज नको," सासूबाई पटकन म्हणाल्या.

मामांनी बहिणीकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"आजच सांगतो," ते म्हणाले. "माझ्या ओळखीच्या एका माणसाची आहे. तो नवीनच घरमालक झाला होता. वडिलांमागे घर मिळालं आणि घराबरोबर एक घड्याळजी मिळाला. वरच्या खोलीतला भाडेकरू. एकटा म्हातारा. अकरा वर्षं राहिला, एक तक्रार नाही."

"असला भाडेकरू असतो?" नवरा म्हणाला.

"गप ऐक. एक दिवस घड्याळजी खाली आला. म्हणाला, मालक, लेकीकडे कायमचा चाललोय. एकदा वर या, खोली बघून घ्या. अकरा वर्षांत भिंतीत खिळा मारलेला नाही मी. नळ बघा, खिडक्या बघा, ठीक आहे म्हणा. मग किल्ली तुमच्या हातात देतो. दारात टाकून जाणं आपल्याला जमायचं नाही."

"मग?"

"मग हा म्हणाला, उद्या येतो."

नवऱ्याने मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखाने खरवडायला घेतलं.

"दुसऱ्या दिवशी घड्याळजी पुन्हा आला. ट्रंक बांधून तयार आहे म्हणाला. हा म्हणाला, उद्या नक्की. तिसऱ्या दिवशी परत. याला राग आला. भाडेकरूने बोलवायचं आणि मालकाने धावायचं? उद्या. चौथ्या दिवशी… कुणी आलं नाही. याला वाटलं, मिटलं."

मामा थांबले.

"पाचव्या दिवशी दार फोडलं. ट्रंकेवर बसला होता. कोट घातलेला. बूट घातलेले. तोंड दाराकडे."

"आणि किल्ली?" नवऱ्याने विचारलं. चार महिन्यांत तो एवढा तरी घरमालक झाला होता.

"नाही सापडली. खिशात नाही. ट्रंकेत नाही. कुलूप नवीन घातलं. खोलीला रंग दिला. भाडेकरू आले. गेले. आले. गेले. कुणी कारण सांगेना. शेवटी हा म्हणाला, आपणच एक रात्र झोपून बघू. जानेवारीची नऊ तारीख. नळाचं वायसर बदलायचं होतं, ते निमित्त. वायसर बदललं. तिथेच चटई टाकून आडवा झाला. एक वाजून चाळीस मिनिटांनी जाग आली."

मामांचा आवाज खाली गेला होता. सगळे नकळत पुढे सरकले.

"नळ उघडला… बंद झाला. खिडकीची कडी निघाली… बसली. बटण. चट. चट. मग भिंतीवर हात. असा… तळवा घासत. सावकाश. एक भिंत. दुसरी. तिसरी. आपण दाखवतो ना कुणाला? बघा, इथे काही नाही. इथेही नाही… तसं. मग ते याच्यासमोर आलं. थांबलं."

"काय म्हणालं?"

"काही नाही. वाट बघत होतं."

"आणि तो?"

"दोन शब्द बोलायचे होते. ठीक आहे. बस. नाही जमलं. पळाला. सातव्या पायरीवर घसरला, आणि तेव्हापासून…" त्यांचा हात गुडघ्यावर गेला होता. लक्षात आल्यावर त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मामांचा गुडघा स्कूटरवरून पडून गेला. तिने त्या हाताकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाशी मामांची ओळख जरा जास्तच जवळची होती.

"वा," नवरा कोरडं हसला. "निदान मेलेले तरी तक्रार घेऊन येत नाहीत, एवढंच एक समाधान होतं मला. तेही गेलं."

कुणी हसलं नाही. कारण वर नळ उघडला होता.

भिंतीतल्या पाइपातून पाणी उतरल्याचा आवाज स्पष्ट आला. मग थांबला. खोलीला कुलूप होतं. जुडगा समोर खुंटीवर होता.

कडी वाजली. निघाली… बसली.

नवरा अर्धवट उठला. "बघून… येऊ का?"

"उद्या—" मामांच्या तोंडून निघून गेलं. बाकीचा शब्द त्यांनी गिळला. सासूबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला.

छतावरून काहीतरी घासत गेलं. सावकाश.

ती उठली. खुंटीवरून जुडगा घेतला, कपाटावरची बॅटरी घेतली.

"वहिनी?" नणंद म्हणाली. "अगं वहिनी!"

जिना मागच्या अंगाला होता. तिने पायऱ्या मोजल्या. सातवीवर पाय जपून ठेवला. मास्तरांचं दार बंद, आत गाढ घोरणं. कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप गार होतं. दोनदा किल्ली निसटली. तिसऱ्यांदा लागली.

दार आत ढकललं.

रिकामी खोली. नर्सने झाडून ठेवलेली. खिडकी बंद. मोरीतला नळ ठिबकत होता. टप… टप…

पळावंसं वाटलं. फार वाटलं. तिने बॅटरी भिंतीवर धरली.

खोली बघतात तशी बघितली. पहिली भिंत. हात फिरवला. खिळा नाही. दुसरी. नाही. तिसरी. नाही. नळ पिळून पाहिला. खिडकीची कडी काढली, बसवली. बटण दाबलं. चट. चट. घाई केली नाही. अकरा वर्षं जपलेली खोली घाईत बघायची नसते.

मग पाठीमागे कुणीतरी थांबलं.

श्वास नव्हता. पाऊल नव्हतं. फक्त थांबणं होतं. ती ते ओळखत होती. कुणीतरी आपल्याला विचारावं म्हणून माणूस असंच उभं राहतं. चार महिने ती स्वतः या घरात तशीच उभी होती.

बॅटरी मंदावली. विझली.

ती वळली नाही. अंधारात तिने हात मागे केला. तळवा उघडा…

खाली वीज आली तेव्हा सगळे जिन्याच्या तोंडाशी गोळा झाले होते. ती एक-एक पायरी उतरून आली. चेहरा पांढरा, पदर नीट. कुणाकडे न बघता बैठकीत गेली आणि उजवी मूठ टेबलावर उघडली.

पितळेची एक लहान किल्ली. दोऱ्याऐवजी घड्याळाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा बांधलेला.

नवऱ्याने जुडग्यातल्या किल्ल्यांशी ती ताडून पाहिली. तशी एकही नव्हती. घरातल्या कुठल्याच कुलपाला ती लागण्यातली नव्हती. नणंदेने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम आहे," ती म्हणाली. "कुणीतरी… बराच वेळ मुठीत धरल्यासारखी."

मामा खाली बसले. किल्लीला त्यांनी हात लावला नाही. त्यांचे ओठ हलत होते. दोनच शब्द होते, पण ते अजूनही बाहेर पडत नव्हते.

ती सासूबाईंकडे वळली. घरात कुणी तिचा इतका सरळ आवाज आजवर ऐकला नव्हता.

"खोली मी बघून घेतली. ठीक आहे म्हणून सांगितलं. ती आता खरंच रिकामी झाली, आई. तिथे घरचं माणूस ठेवायची गरज नाही."