पान एकशे बारा

कप उचल, मेल्कर. त्या पुस्तकावर नको ठेवूस. कॉफीचे डाग पाडायला आपलं वर्तमानपत्र आहे की.

हसू नका. तुमची पानं छपाईला गेली, बस यायला अजून चाळीस मिनिटं आहेत आणि बाहेर काळोख आहे. तूवा, दार लोटून घे. या पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानाची गोष्ट सांगतो. मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. गुन्नेलच्या बाबतीत घडली. आणि गुन्नेलने चाळीस वर्षं या गावाला गणित शिकवलंय. तिला भासबीस होत नाहीत.

गेल्या वर्षी, डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. तपासलेली पानं छापखान्यात पोचवायची, एवढंच काम. छापखाना पाचला बंद होतो. थंडीने गाडी सुरू होईना, म्हणून ती जुन्या रेल्वेच्या बांधावरून पायी निघाली. दलदलीतून सरळ तीन किलोमीटर. रूळ कधीच उखडून नेलेत, आता तिथे लोक सायकली फिरवतात. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. डिसेंबरात चारला काय उजेड असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुस्तक फाबियान टोर्नक्लिंटचं चरित्र, गावाच्या उत्सव समितीसाठी गुन्नेलने लिहिलेलं.

"चौकातला पुतळा," मेल्कर म्हणाला. "कबुतरांचा."

तोच. कोळसा पाडणाऱ्याचा पोरगा. चौदा वर्षांचा होईपर्यंत अक्षर येत नव्हतं. नावाच्या जागी निशाणी करायचा, एक उभी रेघ आणि तिच्यावर छपरासारखे दोन फटकारे. पुढे सैन्यातल्या इंजिनियरांच्या हाताखाली साखळ्या ओढत मोजणी शिकला. कालवे खणले, रेल्वे आणली, लोखंडाची भट्टी घातली, कागदाची गिरणी काढली. मोठा झाला, पण ती निशाणी सोडली नाही. बांधलेल्या प्रत्येक पुलाच्या लोखंडात ती ओतून घेतली. त्याच्याशिवाय हे गाव नसतं, हे मीही मान्य करतो. मी वाकड्या तोंडाचा आहे, आंधळा नाही.

पण अठराशे शहात्तर साली ऑक्टोबरात राजा या रेल्वेच्या उद्घाटनाला येणार होता. दलदल हिवाळ्यात गोठू द्यायची, वर ओंडके अंथरायचे, मग भराव घालायचा, ही इथली रीत. कोळसेवाल्याच्या पोराला ती पक्की ठाऊक. तरी त्याने सप्टेंबरात भराव घातला. राजाची तारीख चुकायला नको! खडीची गाडी आणि तिच्यावरचे अकरा मजूर खाली गेले. वर एक टोपीसुद्धा आली नाही. हजेरीत लिहिलं, 'काम सोडून गेले'.

काम सोडून गेले!

आणि तेव्हापासून आपण सगळे छापत आलो, 'या मार्गाच्या बांधणीत एकही माणूस दगावला नाही.' रेल्वेच्या शंभर वर्षांच्या पुरवणीत हे वाक्य कुणी लिहिलं, माहितीय? मी.

"तू, एनार?" तूवाला खरं वाटेना.

मी. तुझ्याएवढा होतो. एक कागद तपासला नाही. ती अकरा नावं गुन्नेलने चर्चच्या दप्तरातून काढली आणि पान एकशे बारावर घातली. समितीचा अध्यक्ष तिला म्हणाला, "गुन्नेल, रेल्वेच्या वाढदिवसाला कुणी मयतांची यादी वाचतं का?" तीन बैठका झाल्या, तिन्ही वेळा हेच. शेवटी बाई थकली. नावं काढली, जुनं वाक्य परत घातलं, खाली 'छापावे' लिहून सही केली. पाकीट चिकटवलं. तेच पिशवीत घेऊन चालली होती.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. गुन्नेलचा आजोबा याच मार्गावर गँगमन होता. प्रत्येकाकडे आपला टप्पा, हातात कंदील आणि हातोडा. रूळ ठोकत जायचं. हद्दीवर पलीकडचा भेटला की नमस्कार नाही, चौकशी नाही. एकाने विचारायचं, "वाट साफ?" दुसऱ्याने सांगायचं, "साफ." त्या एका शब्दावर गाडी सुटायची. खोटं 'साफ' म्हणणाऱ्याला या मार्गावर कुणी घरात घेत नसे. लहानपणी गुन्नेल आजोबाबरोबर जायची, तेव्हा उत्तर तीच द्यायची. लाडाची नात.

ती दलदलीच्या मधोमध पोचली, आणि आवाज आला.

टण्ण.

लोखंडावर हातोडा.

पुन्हा. टण्ण... जवळ.

तिथे लोखंड नाही, पोरांनो.

समोरून कंदील येत होता. जमिनीलगत, डुलत. मागे उंच माणूस. लांब कोट, गळ्याशी फर. गँगमनच्या कोटाला फर नसते, पण हे तिला नंतर सुचलं. पाच पावलांवर तो थांबला. कंदील वर धरला. तोंडावर उजेड पडायला हवा होता...

पडला नाही.

"वाट साफ?"

साठ वर्षांपूर्वीची सवय. तिच्या तोंडून निघून गेलं.

"साफ."

तो बाजूला झाला. तिला जाऊ दिलं.

ती चालू लागली. बर्फ कडक होता. तरी बूट रुतला. मग दुसरा. खाली पाणी. कोमट... डिसेंबरात.

मागे पावलं. एकाची नाहीत. पाण्याने भरलेले बूट.

ती थांबली. पावलंही थांबली.

"कोण आहे?"

पाणी घोट्याला. पोटरीला.

"मागे बघितलं तिने?" मेल्करने विचारलं.

नाही. गुडघ्याला पाणी लागलं, तेव्हा समोर बघतच ओरडली. "साफ नाही! खोटं बोलले मी! वाट साफ नाही, खाली माणसं आहेत!" आणि नावं घेतली. पाठ होती तिला. एकेक... एकेक. अकरावं नाव संपलं, आणि पायाखाली खडी लागली.

वळून पाहिलं. कंदील नव्हता.

पाचला चार मिनिटं असताना छापखान्यात शिरली. छापखानेवाला स्टुरे म्हणाला, "काय गं, पोहत आलीस?"

"एकशे बारावर सही केलीय मी, तरी ते वाक्य काढ. नावं घाल."

"सही करून आणलंस आणि आता काढ? समिती माझं टाळकं फोडेल."

"माझं फोडू दे. पाकीट उघड."

म्हणून तर तुमच्यासमोरच्या पुस्तकात ती अकरा नावं आहेत. बघा उघडून. पण मी सांगतोय ते त्या दिवशीच्या पानाबद्दल. पाकीट कोरडं होतं, डिंक जसाच्या तसा. स्टुरेने स्वतः फाडलं. पान एकशे बारा बाहेर काढलं. तिच्या सहीखाली दलदलीच्या पाण्याच्या तपकिरी निशाण्या होत्या. फुली. हूक. मासा. शिडी. लिहिता न येणारी माणसं करतात तशा. बोट लावलं तर ओल्या.

"अकरा," तूवा हळूच म्हणाली.

स्टुरेने दोनदा मोजल्या. बारा.

बारावी सगळ्यांत खाली, जरा बाजूला. एक उभी रेघ. तिच्यावर छपरासारखे दोन फटकारे.