दुसऱ्या कॉटची तहान

दादाच्या बरगड्यांवर टाक्यांचा व्रण आहे. मला कुणी थापाडी म्हटलं की मी दादाला शर्ट वर करायला लावते. हे घडलंय... माझ्या डोळ्यांदेखत.

रविवारची दुपार होती. पार्टीत आडवंतिडवं जेवून आलेल्या दादाला उलट्या सुरू झाल्या. शेवटच्या उलटीला तो छाती धरून खालीच बसला.

हॉस्पिटलात ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक वाटतोय. ही गोळी पाण्याबरोबर द्या, मी ईसीजीचं मशीन आणतो."

खोलीत दोन कॉट. खिडकीकडची रिकामी.

मी ग्लास भरून मधल्या टेबलावर ठेवला. गोळी काढायला वळले...

ग्लास रिकामा.

"प्यायलास?"

"चिमे, मला हात उचलवत नाहीये," दादा कण्हला.

टेबल कोरडं. फरशी कोरडी. मी पुन्हा ग्लास भरला. वर झाकण ठेवलं.

झाकण जागेवरच होतं... पाणी नव्हतं.

तेवढ्यात राउंडवरच्या सर्जनबाई आत आल्या. त्यांनी दादाच्या गळ्यावर बोटं दाबली.

कातडीखाली काहीतरी कुरकुरलं... वाळक्या पानांवर पाय पडावा तसं.

"उलटीनंतरच दुखायला लागलं ना? काही गिळलंय यांनी?"

"नाही."

"नशीब. अन्ननलिका फाटली असणार, हवा बाहेर येतेय. प्यायलेलं पाणी सगळं छातीत सांडलं असतं."

सीटी स्कॅनमध्ये तेच निघालं. लगेच ऑपरेशन केलं. नळी शिवली, छातीतली घाण काढायला ट्यूब टाकली. दादा वाचला. मी मनोमन त्या रिकाम्या ग्लासाला हात जोडले.

साफसफाईच्या मावशींना हे सांगितलं, तर त्या पुसता पुसता थांबल्या.

"खिडकीकडं एक आजोबा होते. त्यांना पण हेच झालेलं, फार उशिरा कळलं. मग पाणी बंद. जाईपर्यंत पाणी पाणी करत होते गं. आम्ही थेंब दिला नाही."

म्हणजे दादाला कुणी वाचवलं नव्हतं. कुणालातरी फक्त तहान लागली होती.

पुढे तपासणीत शिवलेल्या नळीतून गळती दिसली नाही. दादाला पहिला घोट मिळाला, तेव्हा मी दोन ग्लास भरले. एक खिडकीकडे ठेवला.

"दुसरा कुणाला? आधी हा तर उतरू दे," दादा हसला.

मला हसू आलं नाही. खिडकीकडचा ग्लास रिकामा झाला होता.

आता दादा घरी आहे, ठणठणीत. मी त्याच्या उशाशी तांब्या भरून ठेवते. सकाळी तो रिकामा असतो... आणि दादा शपथेवर सांगतो, तो उठलाच नव्हता.

मी रोज न चुकता भरते. एखाद्या दिवशी विसरले, तर ते आजोबा पाणी कुणाकडे मागतील, याची मला भीती वाटते.