तुटलेली दोरी

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या उत्तर टोकाच्या एका खाडीवर हिवाळ्यात दोनच माणसं होती, आयलिफ आणि त्याची बायको योरुन. इथे बारमाही वस्ती करता येते का, हे त्यांनी राहून दाखवायचं होतं. जमलं तर उन्हाळ्यात चाळीस कुटुंबं येणार होती.

जेवण झाल्यावर योरुन इंजिनच्या खोपीत डिझेल भरायला निघाली. भर दुपार, पण सूर्य ऑक्टोबरातच बुडालेला. बाहेर वादळ घोंघावत होतं.

"कॉफी संपवलीस तर अस्वलाला देऊन टाकीन तुला," ती म्हणाली.

"घेईल का ते? नुसती हाडं आहेत."

घरापासून खोपीपर्यंत दोरी बांधलेली होती. रिवाज पक्का होता: एकाने दोरी धरून जायचं, दुसऱ्याने घर सोडायचं नाही. दाराला कडीच नव्हती. वादळातून आलेल्याला तिथे कुणी 'कोण' म्हणून विचारत नाही.

अर्ध्या तासाने ती परतली. बूट काढून शेगडीपाशी बसली. आयलिफने कॉफी दिली, तिने कप नुसता हातात धरून ठेवला.

तेवढ्यात खोपीशी बोलायचा रेडिओ खरखरला.

"आयलिफ... मी खोपीत अडकलेय. इंजिन बंद पडलंय. दोरी तुटलीय रे... काहीतरी कर."

आवाज योरुनचाच.

शेगडीपाशी बसलेली योरुन हसली. "वाऱ्याला काय, कुणाचाही आवाज येतो. बस खाली."

त्याने दार ढकललं. दोरीचं तुटकं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. पुढे हातभरही दिसत नव्हतं. दोन पावलं गेला, तर मागे दारातला कंदीलसुद्धा दिसेनासा झाला. चाचपडत, रडत तो परत आत आला.

"आयलिफ, तुझ्याजवळ कोण बोलतंय?..." रेडिओने विचारलं. मग हळू, आणखी हळू नुसतं त्याचं नाव. रात्री तेही थांबलं. तो रेडिओ छातीशी धरून बसून राहिला. दुसरं काय करणार होता?

तिसऱ्या दिवशी वादळ ओसरलं. तो धावत खोपीकडे गेला. मागोमाग आलेली योरुन उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बघ, कुणी आहे का आत?"

कुणी नव्हतं. इंजिन दगडासारखं गार पडलेलं. खिडकीच्या काचेवर आतून जाड हिम धरलं होतं आणि त्यावर बोटाने लिहिलं होतं, 'तिला आत घेऊ नकोस.'

अक्षरांच्या कडा अजून ओल्या होत्या.