पुन्हा करंगळीपासून

लातूरच्या एका मेडिकल कॉलेजात त्या दिवशी देहदान केलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार होता. सटवाजी सकाळच्या एसटीला निघाला, तेव्हा गुणाबाई दारापर्यंत आली.

"शाल-नारळाचं मरू द्या तिकडं," ती म्हणाली. "आपली आरती निवांत निजली का, तेवढं बघून या."

लेक गेल्यापासून बिचारीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सटवाजीची आई भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली होती, पण डॉक्टर येईपर्यंत टिकली नाही. तेव्हाच त्यानं मनाशी धरलं, आपल्या घरात एक तरी डॉक्टर व्हायचा. देवानं एकच लेक दिली, तीही हुशार. तिला लातूरला क्लासला ठेवली. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, दुसऱ्या वर्षीही हुकलं. तिसऱ्या खेपेला परीक्षेच्या तोंडावर मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि पोर गेली. "काही झालं तरी मी मेडिकलला जाणारच," असं ती हसत म्हणायची. बापानं काळजावर दगड ठेवला आणि तिला तिथंच दिली.

तिला एक खोड होती. पाठ करताना अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायची. सुरुवात करंगळीपासून, एका नावाला एक पेर. एखादं चुकलं की पुन्हा करंगळीपासून. झोपेतसुद्धा तिचा अंगठा चालायचा, आणि आईबाप कौतुकानं बघत बसायचे.

सत्कार उरकला. पाहुणे पांगले, सटवाजी मात्र घुटमळत राहिला. तिथं शिकवणाऱ्या डॉक्टर बिलकीस मॅडमना त्याची दया आली. त्या त्याला शिकवायच्या नव्या खोलीत घेऊन गेल्या. पडदे ओढलेले, फिनेलचा वास, आणि मधोमध माणसाएवढं काचेचं टेबल, टीव्हीसारखं उजळलेलं. भोवती चार-पाच पोरं उभी. काचेत एका मुलीचा देह निजलेला होता. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

"दान आलेल्या देहाचे स्कॅन जोडून हे केलंय," मॅडम हळूच म्हणाल्या. "कोणाचा, ते आम्हालाही सांगत नाहीत, काका."

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. डाव्या मनगटाची कातडी विरली, आतली बारीक हाडं दिसू लागली. एक पोरगा नावं सांगू लागला.

"स्कॅफॉइड... ल्युनेट... ट्रायक्वेट्रल..."

मुलीच्या उजव्या हाताचा अंगठा करंगळीवर टेकला होता. नावागणिक तो एकेक पेर वर सरकला. चौथ्या नावाला पोरगा अडखळला, तसा अंगठा करंगळीच्या बुडाशी परत आला.

सटवाजी पुढं सरकला. "मॅडम... हात हलतो का हो हिचा?"

"नाही, काका. एकदाच काढलेला फोटो समजा."

पोरगा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. अंगठाही पुन्हा सरकू लागला. सटवाजीनं टेबलाची कड धरली. मरूनही पोर सुटली नव्हती. अजून पाठच करून राहिली होती.

त्यानं काचेवर तोंड नेलं. "आरू... पास झालीस, माय. लागला तुझा नंबर. आता पुरे... निज."

अंगठा थांबला. बोटं हळूच सैल पडली. मॅडमनी बटण दाबलं, आणि काच काळी झाली.

दिवेलागणीला तो घरी पोचला. गुणाबाई वाटच बघत होती.

"निजली का?"

"निजली. माझ्या डोळ्यांदेखत."

तिनं नारळ देवापाशी ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. बसल्या बसल्या तिला गाढ झोप लागली. तिच्या अंगावर सत्काराची शाल घालताना सटवाजीला भडभडून आलं. किती दिवसांनी घरात कुणीतरी झोपलं होतं.

मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं.

गुणाबाईनं शाळेची पायरी कधी चढली नव्हती, आयुष्यात काही पाठ केलं नव्हतं. तिचा अंगठा करंगळीवर टेकला होता. तो एक पेर वर सरकला... दुसरं... तिसरं...

तिथं जरा थबकला. आणि पुन्हा करंगळीच्या बुडाशी आला.