शेवटच्या बेडकातलं पाणी

काचेच्या छोट्या बरणीत जायलीन नावाचं द्रव होतं, पाण्यासारखं स्वच्छ. दामू या यंत्रमानवाने त्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा अलगद सोडला, आणि बघता बघता तुकड्याभोवती दुधासारखं पांढरं धुकं पसरलं. दूध तर कुणी घातलं नव्हतं. मग हा पांढरेपणा आला कुठून?

एरवी असलं कोडं मिळालं की बारा वर्षांची शलाका जेवणाच्या ताटावरूनही उठायची. आज मात्र तिने बरणीवरून नजर काढून घेतली, कारण तो तुकडा तिच्या सोनटिक्याच्या कातडीचा होता.

सोनटिक्या म्हणजे कातळसड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) राहणारा अंगठ्याएवढा बेडूक. २०६१ साली तो साऱ्या जगात फक्त तीन सड्यांवर उरल्याची नोंद होती, आणि या सड्यावर तर एकटाच. इथलं संशोधन केंद्र शलाकाचे आजोबा, डॉ. अनंत जोगळे चालवत. बेडकाची देखभाल मात्र शलाकाकडे. पाच दिवसांपूर्वी सकाळी तो टाकीत उताणा पडलेला सापडला. आदल्याच दिवशी तिने टाकीतलं पाणी बदललं होतं. तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसली होती: मीच त्याला मारलं. तिला घास गिळवत नव्हता, आणि कुणी समजूत घातली की ती उठून जायची. खरं काय ते त्या तुकड्यातूनच कळणार होतं. रात्रभर पाण्यात राहून बाकीचं शरीर खराब झालं होतं, त्यामुळे दुसरा तुकडाही नव्हता.

"तुकड्यात अजून पाणी आहे," दामू म्हणाला. कुणाला काय वाटेल याचा विचार करून बोलायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आजोबा स्टुलावर बसले. पाणी राहिलं तर काय बिघडतं, हे शलाकाने विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. बोलत राहिलं नाही तर आपलाही धीर सुटेल, असं त्यांना वाटलं असावं. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक (एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह) बघायचं तर त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप लागतात. पण ऊतक असतं मऊ, ओलं. कापायला गेलं की चुरगळतं. म्हणून त्यात मेण भरून ते घट्ट करायचं. आता मेण आणि पाणी काही एकत्र येत नाहीत. तेव्हा आधी निर्जलीकरण (ऊतकातलं पाणी काढून टाकणं) करायचं, तेही अल्कोहोलने आणि पायरीपायरीने. पहिल्या बरणीत सत्तर टक्के अल्कोहोल, मग ऐंशी, मग पंचाण्णव आणि शेवटी शुद्ध. एकदम शुद्धात टाकलं तर पाणी धडाधड बाहेर पडतं आणि पेशी आक्रसून जातात. अल्कोहोलचंही मेणाशी जमत नाही, म्हणून मध्ये जायलीन. त्याचं दोघांशी पटतं, पाण्याशी मात्र मुळीच नाही. पाणी राहिलं असेल तर ते असं दुधाळतं.

"पण शेवटची बरणी शुद्ध अल्कोहोलची होती," आजोबा स्वतःशीच पुटपुटले. "मग पाणी राहिलं कसं?"

शलाकाचा चेहरा पडला. केंद्रात सामान तीन महिन्यांतून एकदा येई, म्हणून सगळी काटकसर. शेवटच्या बरणीतलं वापरलेलं अल्कोहोल दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली, पंचाण्णवच्या बरणीत जायचं, असा तिथला रिवाज. दामूचा एक हात दुरुस्तीला गेल्यापासून ओतण्याचं काम शलाकाकडे आलं होतं. घरी उरलेलं तेल परत डब्यात ओततात, तसं तिने शेवटच्या बरणीतलं उरलेलं रोज मोठ्या बाटलीत परत ओतलं. ते दिसत होतं तर स्वच्छच! पण रोजच्या नमुन्यांतून अल्कोहोलमध्ये उतरलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही. केंद्रातलं सगळं शुद्ध अल्कोहोल तिने आपल्या हाताने बिघडवलं होतं.

तिने ते सांगून टाकलं. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी नुसतं बाटलीचं झाकण घट्ट लावून ती बाजूला ठेवली, आणि ते तिला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. नवीन सामान यायला सात आठवडे होते. बेडूक गेला, आता त्याच्या मरणाचं कारणही गेलं.

ती त्या बाटलीकडे बघत म्हणाली, "आजोबा, अल्कोहोल पेशींतलं पाणी ओढून घेतं. मग अल्कोहोलमधलंच पाणी ओढून घेईल असं काही नाही का?"

आजोबांनी मान वळवली. ते उठले आणि कपाटातून मोरचूद काढलं, बागेत फवारतात तेच निळे खडे. चिनी मातीच्या वाटीत त्यांनी ते तापवलं, तसं खड्यांतलं पाणी उडालं आणि पांढरी भुकटी उरली. तहानलेली ती भुकटी अल्कोहोलमध्ये पडताच निळी झाली, कारण तिने पाणी शोषलं. दुसऱ्यांदाही निळी. तिसऱ्यांदा ती पांढरीच राहिली. अल्कोहोल पुन्हा शुद्ध झालं होतं.

वरचं अल्कोहोल गाळून त्यात तुकडा पुन्हा ठेवला, मग ताज्या जायलीनमध्ये. या वेळी जायलीन स्वच्छ राहिलं. मेण भरलं, काप काढले, रंगवले. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा सूक्ष्मदर्शकावर वाकले. शलाका भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला बघायचं नव्हतं.

"बुरशी आहे," ते म्हणाले. "कातडी सुजून जाड झालीय आणि तिच्यात बुरशीच्या गोल पिशव्याच पिशव्या. हे एका दिवसाचं काम नाही, बाळा. पाणी बदलण्याशी याचा काही संबंध नाही."

तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "आधी कळलं असतं तर तो वाचला असता?"

आजोबांना खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक वाचला असता," ते म्हणाले. "या बुरशीवर औषध आहे."

दामूने उरलेल्या दोन्ही सड्यांवर निरोप पाठवला. एका सड्यावरून कळलं, तिथे गेल्या वर्षापासून एकही बेडूक दिसला नव्हता. दुसऱ्या सड्यावरून तासाभरात उत्तर आलं: आमच्याकडे सात आहेत. दोघांचं पोट लाल झालंय, कातडी सोलतेय. काय करू?

आजोबांनी कळफलक शलाकापुढे सरकवला. तिने त्यांना एकेक गोष्ट विचारून घेतली आणि लिहिलं: त्या दोघांना आजच वेगळं ठेवा. बुरशीच्या औषधाच्या पाण्यात रोज पाच मिनिटं, दहा दिवस. हात धुतल्याशिवाय बाकीच्या पाचांना शिवू नका.

निरोप गेला. मग बेडूक गेल्यापासून पहिल्यांदाच ती आजोबांच्या कुशीत शिरून पोटभर रडली.