आईच्या पावलाएवढी सुतळी

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी पंचवीस वर्षांची, टेलिफोन ऑपरेटर. आणि आईची नजर जाऊन दोन वर्षं झालेली. दोन वर्षांत ती घराबाहेर पडली नव्हती. मावशीनं नि मी फार मनधरणी केली, तेव्हा कुठे चार दिवस खेड्यात जायला कबूल झाली. तेही अट घालून.

"तिथे कुणी मला हाताला धरून फिरवलं, तर त्याच दिवशी परत. आणि पुन्हा कधी विचारायचं नाही."

एका दुपारी पावसाची सर आली म्हणून मी समोरच्या दारात शिरले, तर ते नेमकं सुट्टीसाठी खेड्यातली घरं भाड्यानं देणारं ऑफिस निघालं. भिंतभर घरांचे फोटो. काउंटरमागे ताडमाड उंच कारकून... उठून उभा राहिला तर डोकं टांगलेल्या दिव्यावर आपटलं.

"कसं घर हवंय? ओढ्याकाठचं? टेकडीवरचं?"

"पलंगापासून दारापर्यंत किती पावलं?"

"अं?"

"पायऱ्या किती? सगळ्या सारख्या उंचीच्या आहेत का?"

त्यानं फोटो उलटा करून पाहिला, जणू उत्तर मागे लिहिलं असावं. "खरं सांगू? ही घरं मीही फोटोतच पाहिलीत."

"मग लोकांना सांगता काय?"

"देखावा छान आहे म्हणून."

"आम्हाला देखावा नकोच आहे," मी म्हटलं आणि आईचं सांगितलं. त्याचं हसू मावळलं. त्यानं पेन्सिल उचलली आणि वही पुढे ओढली.

"सोमवारी याल?"

सोमवारी त्याच्या कपाळावर पट्टी होती.

"हे काय झालं?"

"न्हाणीघराचं दार बुटकं आहे," तो म्हणाला. "डोळ्यांना रुमाल बांधून फिरलो ना! ओढ्याकाठचं घर." त्यानं वही उघडली. "पलंग ते दार सात पावलं. पायऱ्या तीन, मधली उंच. ओसरीपासून ओढ्याकाठच्या बाकापर्यंत एकोणीस."

मी ऐकतच राहिले. एवढं कुणी कुणासाठी करतं? मग माझी नजर त्याच्या लांबलचक पायांवर गेली.

"ही पावलं कुणाची?"

"माझीच की."

"अहो, सातव्या पावलाला आई खोलीच्या मधोमध असेल! दार कुठे शोधेल ती?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... आईंचं पाऊल केवढं?"

त्या संध्याकाळी आई पाय धुऊन आली, तशी मी फरशीवरच्या दोन ओल्या ठशांमधलं अंतर सुतळीनं मोजायला बसले.

"काय शोधतेस जमिनीवर?" आईनं विचारलं.

"सुई."

"खोटं बोललीस की आवाज बारीक होतो तुझा."

दुसऱ्या दिवशी सुतळी काउंटरवर ठेवली. "दोन्ही घोट्यांना बांधा. पाऊल याहून मोठं पडणार नाही."

"पाऊल नाही पडणार. मी पडेन."

"कुठे पडलात तेही लिहा."

तीन रविवार तो गेला, सुतळी बांधून सगळी पावलं नव्यानं मोजून आला. माझे प्रश्न खरं तर कधीच संपले होते; तरी दर दुपारी मी एक नवा घेऊन जायची.

"ओढ्याचा आवाज कुठून येतो?"

"ओसरीवर डावीकडून. बाकावर बसलं की समोरून."

"बाकाला पाठ आहे?"

"आहे. दोघांपुरता आहे तो..." त्यानं वहीत डोकं घातलं. "एकट्यानं बसवत नाही तिथे."

आम्ही गेलो. सगळे आकडे आईनं घरीच पाठ केले होते. पहिल्याच सकाळी ती ओसरी उतरली. मधल्या उंच पायरीवर थबकली, उतरली. मावशीनं हात पुढे केला, मी तो मागे ओढला. आई पुटपुटत होती, अडतीस... एकोणचाळीस... चाळीस... एकेचाळीस. आईचा हात हवेत गेला आणि बाकाच्या पाठीवर टेकला. बसली. मावशी हुंदके देऊ लागली.

"रडू नकोस गं," आई म्हणाली, "ओढा ऐकू येत नाहीये."

घर सांभाळणारी बाई हसत होती. "तुमच्या आधी एकजण असाच चालत होता. डोळे बांधलेले, पायांत दोरी! मला वाटलं, शिक्षाच केली कुणीतरी."

"कोण गं हा?" आईनं मला विचारलं.

"असाच... ऑफिसातला कुणी कारकून."

"आवाज बारीक झाला तुझा."

परतल्यावर मी काउंटरशी गेले. तो धडपडत उठला.

"कसं होतं घर?"

"एक चूक निघाली."

त्याचा चेहरा पडला. "कुठली?"

"बाक दोघांचा म्हणालात. आईनं चाचपून पाहिला. तिघांचा आहे. पुढच्या खेपेला तुम्हाला घेऊन ये म्हणाली."

त्यानं कपाळावरची जुनी खूण चाचपली. मग म्हणाला, "डोळे बांधून?"

"उघडे ठेवून या," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलंच कुठे आहे ते घर?"

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि दर वर्षी तिथे गेली. शेवटी शेवटी माझ्या लेकीचं बोट धरून जायची. पण 'बाकापर्यंत नातीला मीच नेते' असंच सांगायची. मावशी गेली त्यालाही वीस वर्षं झाली. घर सांभाळणाऱ्या त्या बाईंच्या सुनेनं ते घर विकत घेऊन वर मजला चढवला. बाक आहे अजून. लेक आता नकाशे काढते; सगळी अंतरं तोंडपाठ, आजीवर गेलीय.

सुतळी माझ्या बटणांच्या डब्यात असते. यांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली; दिव्यावर डोकं आपटणाऱ्या त्या ताडमाड कारकुनाचे आता गुडघे धरलेत. परवा हे अंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आले, तशी मी हळूच सुतळी काढून दोन ठशांमध्ये लावून पाहिली. यांचं पाऊलही आता अगदी तेवढंच भरलं.

"काय शोधतेस जमिनीवर?" यांनी विचारलं.

"सुई," मी म्हटलं.

"आवाज बारीक झाला तुझा."